आम्लधर्मी तलावाच्या तळाशी कोण उरतं?

नागपुरात पाऊस लागला आणि कुलर आवरायला काढला की खशीच्या जाळीवर, पंपावर, पाणी सोडणाऱ्या नळीच्या भोकांभोवती पांढरा, खरखरीत थर हाताला लागतो. बोअरच्या पाण्यावर कुलर चालवणाऱ्या घरात तो जास्तच. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच जातीचा. त्यावर लिंबू पिळलं तर फसफसतं आणि त्या फसफसण्यात लिंबाचं आम्ल खर्ची पडतं. आपल्या तलावांच्या पाणलोटात हेच चालू असतं. फक्त तिथे आम्ल पावसाचं असतं आणि चुना मातीतून, खडकातून येतो.

पाऊस अगदी स्वच्छ हवेतून पडला तरी वाटेत हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, त्यामुळे त्याचा पीएच 5.6 च्या आसपास असतो. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. हा आकडा एकाने उतरला की आम्लता दसपट होते, दोनाने उतरला की शंभरपट. नागपूरच्या पश्चिमेकडे बेसाल्ट आणि त्यावरची काळी माती आहे. पावसाचं पाणी त्या मातीतल्या चुनखड्यांमधून झिरपत तलावाकडे येतं, तोवर त्यातलं आम्ल मारलं गेलेलं असतं. म्हणून अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा यांचं पाणी अल्कधर्मी बाजूला राहतं. लोणार तर पार दुसऱ्या टोकाला, पीएच 10 च्या आसपास.

मग आम्लधर्मी आणि पोषकद्रव्यांनी गरीब अशा तलावाबद्दल नागपूरकराने का वाचावं? कारण तलावांबद्दल आपल्याकडे दोन समजुती फार पक्क्या आहेत. पाणी नितळ म्हणजे तलाव निरोगी, ही एक. पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत दिली की तलावाची तब्येत कळते, ही दुसरी. आम्लधर्मी तलावाच्या तळाशी या दोन्ही समजुती कोलमडतात. तिथे दहा मीटर खोलवरचा दगड दिसेल इतकं पाणी नितळ असू शकतं, आणि तरी तळावर एकही गोगलगाय, शिंपला किंवा जळू सापडत नाही. असं का होतं हे कळलं की आपल्या गढूळ तलावातल्या साध्या गोगलगायीचं मोलही कळायला लागतं.

तळाशी राहणारे

पाठीचा कणा नसलेले, नुसत्या डोळ्यांना दिसणारे आणि आयुष्याचा बराच काळ तलावाच्या तळावर किंवा गाळात काढणारे जीव म्हणजे तळवासी अपृष्ठवंशी. फुटाळ्यासारख्या तलावाच्या काठाला, पाणवनस्पतींच्या मुळाशी हातजाळी फिरवा, आलेला गाळ पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यासह ओता आणि दोन मिनिटं ताट अजिबात हलवू नका. गढूळपणा बसला की गाळच हलायला लागतो. आधी डोळ्यांत भरतात गोगलगायी. बेलामिया गोलसर, तपकिरी-हिरवट, शंखाचं तोंड झाकणाने घट्ट मिटलेली. इंडोप्लॅनॉर्बिसचा शंख एका पातळीत गुंडाळलेला, चपटा. मग काडीकचऱ्याच्या तुकड्याखालून एक लालभडक अळी बाहेर येते, लांबीला जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. अंगाची दोन्ही टोकं आळीपाळीने वळवत, पाण्यात आठचा आकडा काढत ती पोहते. ही कायरोनोमिड. मोठी झाली की डासासारखी दिसते, पण चावत नाही. पावसाळ्यात तलावाकाठच्या दिव्यांभोवती थवे असतात त्यांत ही भरपूर असते. तिचा लाल रंग आपल्या रक्तात असतो त्याच हिमोग्लोबिनचा. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या गाळातही ती त्याच्या जोरावर तग धरते. मत्स्यपालनाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून विकतात ती हीच. तिच्याबरोबर ट्युबिफेक्स या गांडुळाच्या नात्यातल्या किड्याच्या बारीक लाल धाग्यांचा पुंजका निघाला, तर त्या जागी सांडपाणी येतं का, हे शोधायला हवं.

या जिवांचं खरं मोल असं की त्यांना पळून जाता येत नाही. पाण्याचा नमुना घेतला त्या दिवशीचं पाणी कसं होतं एवढंच बाटली सांगते. गोगलगाय तिथेच वर्ष-दोन वर्षं राहिलेली असते. मधल्या एखाद्या रात्री ऑक्सिजन संपला असेल, एखाद्या आठवड्यात आम्ल वाहून आलं असेल, तर त्याची नोंद तिच्या असण्या-नसण्यात असते. जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट थीनेमान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तळाशी कोणती कायरोनोमिड अळी सापडते यावरून तलावांचे प्रकार पाडले होते. थंड, खोल, पोषकद्रव्यांनी गरीब आणि तळापर्यंत ऑक्सिजन असलेल्या तलावात टॅनिटार्सस गटातल्या अळ्या, तर पोषकद्रव्यांनी तुडुंब आणि तळाशी गुदमरलेल्या तलावात लाल कायरोनोमस.

आपल्या शहरी तलावांचं दुखणं तुडुंब असण्याचं आहे. सांडपाण्यातून फॉस्फरस आणि नायट्रोजन येतं, जलपर्णी माजते, ती कुजते, कुजताना तळाचा ऑक्सिजन खाते. आता याच्या अगदी उलट टोकाला जाऊ.

दोन प्रकारची गरिबी

नॉर्वे, स्वीडन, स्कॉटलंडचा काही भाग, पूर्व कॅनडा या प्रदेशांत जमीन ग्रॅनाइट आणि नाइससारख्या कठीण खडकांची आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी वरची माती खरवडून नेली. उरलेल्या खडकातून पाण्यात उतरतं फारच थोडं. तिथल्या तलावाचं पाणी म्हणजे जवळपास साठवलेला पाऊसच.

अशा पाण्यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची वाण असते आणि त्या एकमेकींत मिसळल्या की सगळं समजणं अवघड होतं. एक, फॉस्फरस आणि नायट्रोजन यांची. शेवाळं कमी, म्हणून त्यावर जगणारे कमी, म्हणून सगळी वाढच सावकाश. दुसरी वाण कॅल्शियम आणि सोडियम यांसारख्या क्षारांची. कॅल्शियम नाही म्हणजे शंख, शिंपला, कवच बांधायला माल नाही. शिवाय पाण्यात बायकार्बोनेटही नाही, म्हणजे बाहेरून आलेलं आम्ल शमवायला काही नाही. पहिल्या गरिबीत जीव कमी संख्येने का होईना, सुखाने राहतात. तळापर्यंत ऑक्सिजन आणि उजेड पोहोचतो, दगडांवर शेवाळाचा पातळ थर येतो, त्यावर चरणारे असतात. दुसरी गरिबी मात्र आम्लाला दार उघडून देते.

महाराष्ट्रात याच्या जवळचं काही पाहायचं तर कासच्या पठारावर जावं. तिथे जांभ्या दगडावर पावसाच्या पाण्याची उथळ डबकी भरतात आणि खडकाकडून त्यांना फारसं काही मिळत नाही. दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती तिथे फुलतात, त्या यामुळेच. मुळांना जे मिळत नाही ते त्या कीटकांकडून घेतात.

तलाव आम्लधर्मी होण्याची कारणंही एकसारखी नाहीत. काही ठिकाणी स्फॅग्नम मॉसच्या दलदलीतून सेंद्रिय आम्लं झिरपतात आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं. ते तलाव हजारो वर्षं तसेच आहेत, त्यांच्यातले जीव त्या पाण्याला सरावलेले आहेत आणि त्यांना आजारी म्हणणं चुकीचं आहे. ज्वालामुखीच्या विवरांमधले काही तलाव पृथ्वीच्या पोटातूनच आम्ल घेतात. पण विसाव्या शतकात हजारो तलाव आम्लधर्मी झाले ते कोळसा आणि तेल जाळल्यामुळे. धुरातलं गंधक आणि नायट्रोजन यांची आम्लं बनून पावसाबरोबर, बर्फाबरोबर खाली आली. स्वीडिश मृदाशास्त्रज्ञ स्वान्ते ऊदेन यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं की स्कँडिनेव्हियावर पडणारं आम्ल बरंचसं दुसऱ्या देशांच्या धुराड्यांतून येतं.

कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांकडे पाहून हा प्रश्न इथेही सुचतो. भारतातल्या बऱ्याच भागात आतापर्यंत दोन गोष्टींनी सांभाळून घेतलं आहे. गोंडवाना पट्ट्यातल्या कोळशात गंधक कमी असतं, आणि आपल्या हवेतल्या धुळीत कॅल्शियम भरपूर असल्याने ढगातलं आम्ल वाटेतच शमतं. धुराचे बाकीचे दुष्परिणाम यामुळे कमी होत नाहीत, हेही इथेच सांगायला हवं.

आम्ल शरीरात काय करतं

आम्ल जिवांना जाळतं, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. पीएच 5 चं पाणी कुणाला जाळत नाही. तुम्ही त्यात हात घातलात तर काही कळणारही नाही. ते मारतं वेगळ्याच पद्धतीने.

गोड्या पाण्यातल्या प्रत्येक जिवाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त मीठ असतं. त्यामुळे सोडियम कल्ल्यांमधून सतत बाहेर झिरपत राहतं आणि जीव ते ऊर्जा खर्चून परत आत ओढत राहतो. बुडाशी गळणारी टाकी मोटर लावून भरत ठेवावी, तसं हे आहे. गळती आणि भरती यांचा मेळ बसला तरच पातळी टिकते. आम्ल या दोन्ही बाजूंवर घाला घालतं. कल्ल्यांच्या पेशींमधले सांधे कॅल्शियमने घट्ट धरलेले असतात. हायड्रोजन आयन त्या कॅल्शियमला हुसकावतात आणि गळती वाढते. सोडियम आत ओढणारी यंत्रणाही आम्लात मंदावते, म्हणजे भरती घटते. त्यात पाण्यात मुळातच क्षार कमी. काही दिवसांत रक्त पातळ पडतं आणि जीव मरतो. कॅल्शियम भरपूर असलेल्या पाण्यात तोच जीव तेवढ्याच पीएचला जास्त काळ तग धरतो, तो याच कारणाने. म्हणून नुसता पीएच विचारून भागत नाही, कॅल्शियम किती हेही विचारावं लागतं.

दुसरा मारेकरी ॲल्युमिनियम. मातीत ते भरपूर असतं पण एरवी घट्ट बांधलेलं. पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की ते सुटून पाण्यात येतं, कल्ल्यांवर साकळतं, श्वास अडवतं. चहाच्या रंगाच्या दलदली पाण्यात सेंद्रिय द्रव्यं ॲल्युमिनियमला बांधून ठेवतात, म्हणून पीएच सारखाच असला तरी ते पाणी नितळ पाण्याइतकं विषारी नसतं. शिवाय ॲल्युमिनियम फॉस्फरसलाही चिकटून खाली बसवतं. आधीच गरीब असलेला तलाव आणखी गरीब होतो, शेवाळं घटतात, सेंद्रिय रंगद्रव्यं घटतात आणि पाणी काचेसारखं दिसायला लागतं. पर्यटक फोटो काढतात ते हे पाणी.

आता कोण जातं आणि कोण राहतं ते पाहू. नॉर्वेत ओक्लांड दांपत्याने शेकडो तलावांच्या तळांचा अभ्यास केला. गॅमरस लॅकस्ट्रिस हा झिंग्याच्या नात्यातला, पानं कुरतडणारा छोटा जीव त्यांना पीएच 6 च्या खाली सापडला नाही. गोगलगायी 5.2 च्या खाली एकही नाही. 6 हा आकडा पाहा. आपण त्याला जवळजवळ उदासीन म्हणून सोडून देऊ, पण गॅमरससाठी तीच शेवटची वेस आहे.

गोगलगायी, शिंपले, गॅमरस आणि गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा क्रेफिश यांचं कवच कॅल्शियमचं, म्हणून ते आधी जातात. जळवाही लवकर जातात. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाच्या बऱ्याच जाती जातात, कारण त्यांच्या अळ्यांचे कल्ले पानांसारखे पोटाच्या दोन्ही बाजूंना उघडे असतात. लेप्टोफ्लेबियासारख्या थोड्याच टिकतात. याउलट चतुराच्या अळीचं कवच कायटिनचं असतं, त्याला कॅल्शियम लागत नाही. पाणभुंगे आणि कोरिक्सिड नावाचे पाणढेकूण पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतात, त्यामुळे आम्लाला शिरायला वाटच लहान. आणि कायरोनोमिडच्या काही जाती तर कशालाच दाद देत नाहीत.

जपानच्या मियागी प्रांतात कातानुमा नावाचा ज्वालामुखीच्या विवरातला तलाव आहे. पीएच सुमारे 2, म्हणजे लिंबाच्या रसाच्या आसपास. त्याच्या तळावर डोळ्यांना दिसणारा एकच प्राणी राहतो, कायरोनोमस ॲसर्बिफिलस. आम्ल सोसणाऱ्या शेवाळांवर तो जगतो आणि स्पर्धक कुणीच नसल्याने काठालगतच्या गाळात त्याची दाट वस्ती असते. त्याला मारतं ते आम्ल नव्हे. शरद ऋतूत तलावाचं पाणी वर-खाली ढवळलं जातं, तळाचा हायड्रोजन सल्फाइड वर येतो, ऑक्सिजन संपतो आणि अळ्या मरतात.

संख्या तीच, घडी वेगळी

आम्लधर्मी तलाव निर्जीव असतो असं म्हणतात, ते बरोबर नाही. जातींची संख्या कोसळते, पण तळावरच्या जिवांचा एकूण आकडा तेवढाच राहू शकतो, कधी वाढतोही. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आणि ते सगळ्यात चांगलं दाखवलं एका मुद्दाम केलेल्या प्रयोगाने.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या 223 क्रमांकाच्या तलावात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 पासून दरवर्षी थोडं थोडं सल्फ्युरिक आम्ल सोडलं. पीएच 6.8 वरून काही वर्षांत 5 पर्यंत आणला. त्या काळी बऱ्याच जणांची कल्पना होती की खरं नुकसान 5 च्या खाली सुरू होतं. प्रत्यक्षात पीएच 6 च्या जरा खाली जातो न जातो तोच मायसिस हा कोळंबीसारखा छोटा जीव जवळजवळ संपला आणि फॅटहेड मिनो या लहान माशाची वीण थांबली. लेक ट्राउट हा मोठा मासा मात्र अजून होता. त्याला आम्लाने मारलं नाही; त्याचं खाणं संपलं आणि तो वर्षागणिक रोडावत गेला. वरून पाहणाऱ्याला तलावात मासे दिसत होते, पण खालची शिडी निघून गेली होती.

त्यातल्या क्रेफिशची गत जवळून पाहण्यासारखी आहे. क्रेफिश वाढताना जुनं कवच टाकतो. नवीन कवच आधी मऊ असतं, ते कडक करायला पाण्यातून कॅल्शियम ओढावं लागतं. आम्ल वाढल्यावर हे ओढणं मंदावलं. कवचं मऊच राहू लागली, आणि मऊ कवचाचा क्रेफिश म्हणजे इतरांचं आयतं भक्ष्य. मादी अंडी पोटाखाली चिकटवून वागवते. तीही गळून पडू लागली, त्यांना बुरशी लागली, वर परजीवींचा उपद्रव वाढला. वयात आलेले क्रेफिश काही वर्षं फिरत होते, मागून पिढी येत नव्हती. कायरोनोमिड माश्या मात्र उलट वाढल्या. नुसते डोके मोजणाऱ्याला हा तलाव पुष्कळ काळ ठीकच वाटला असता.

मासे संपल्यावर घडी आणखी बदलते. एरवी माशांच्या भीतीने लपून राहणाऱ्या चतुराच्या अळ्या, पाणभुंगे, कोरिक्सिड आता उघड्यावर शिकार करतात. तळाचं राज्य त्यांच्या हाती जातं. दुसरीकडे गॅमरससारखे पानं कुरतडणारे गेलेले, पानं मऊ करणाऱ्या जंतूंचं कामही मंदावलेलं. पडलेली पानं कुजत नाहीत, वर्षानुवर्षं थराने साचतात, आणि त्यांत अडकलेली थोडीफार पोषकद्रव्यं परत फिरत नाहीत.

पाण्याबाहेरही याचे धागे जातात. नेदरलँड्समधल्या आम्लधर्मी झालेल्या जंगलांत जमिनीवरच्या गोगलगायी घटल्या आणि तिथल्या ग्रेट टिट पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ, सच्छिद्र निघू लागली, कारण अंड्यासाठी लागणारं कॅल्शियम त्या गोगलगायींच्या शंखांतून मिळवत. हा जमिनीवरचा दाखला आहे, पण आपल्या भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मुग्धबलाक चिखलात चोच खुपसून गोगलगायी वेचताना दिसला की मला तो आठवतो. मुग्धबलाकाचं जवळजवळ सगळं खाणं गोगलगायी आणि शिंपले यांवर.

गुणांकांचा घोळ

तळवासी जिवांवरून पाण्याला गुण द्यायच्या पद्धती बऱ्याच देशांत आहेत, भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचीही आहे. या बहुतेक पद्धती सांडपाण्यासाठी बेतलेल्या. सांडपाणी म्हणजे ऑक्सिजनची टंचाई. म्हणून ऑक्सिजन भरपूर लागणाऱ्या जिवाला जास्त गुण, ट्युबिफेक्सला कमी. स्टोनफ्लाय या वाहत्या पाण्यातल्या कीटकाच्या अळ्यांना सगळ्यात जास्त गुण मिळतात. पण स्टोनफ्लायच्या कितीतरी जाती आम्ल सहज सोसतात. परिणाम असा की पूर्ण बिघडलेला आम्लधर्मी ओढा या परीक्षेत चांगले गुण घेऊन पास होतो.

म्हणून नॉर्वेत गुन्नार रादुम यांनी 1980 च्या दशकात वेगळी पट्टी तयार केली. साडेपाचच्या वरच जगणारा एकही संवेदनशील जीव सापडला तर गुण 1. तो नाही, पण 5 ते 5.5 सोसणारा आहे, तर 0.5. फक्त 4.7 ते 5 सोसणारे असतील तर 0.25. त्याहून चिवट तेवढेच उरले असतील तर शून्य. साधी पट्टी आहे, आणि तिचं शहाणपण असं की ती डोकी मोजत नाही, सगळ्यात नाजूक कोण शिल्लक आहे एवढंच विचारते.

याचा फायदा बर्फ वितळताना कळतो. हिवाळाभर बर्फात साठलेलं आम्ल पहिल्या वितळत्या पाण्याबरोबर एकदम सुटतं आणि काही दिवसांपुरता पीएच खाली आपटतो. वर्षाची सरासरी 5.8 दिसते, पण मधल्या त्या आठवड्यात संवेदनशील मेफ्लाय गेलेली असते. उन्हाळ्यात घेतलेल्या बाटलीला याचा पत्ता नसतो.

बरं होणंही सरळ नसतं. हवाप्रदूषणावरच्या 1979 च्या जिनिव्हा करारानंतर युरोपात आणि स्वच्छ हवा कायद्याच्या 1990 च्या दुरुस्तीनंतर अमेरिकेत धुरातलं गंधक खूप कमी झालं. स्वीडनने तर 1970 च्या दशकापासून होड्यांतून, हेलिकॉप्टरमधून तलावांत चुनखडीची भुकटी टाकली. पाण्याचा पीएच सुधारला, प्राणी मात्र फार मागून आले, काही ठिकाणी अजून आलेले नाहीत. मेफ्लाय उडत येऊ शकते. गोगलगायीला पक्ष्याच्या पायाला किंवा वाहत्या वनस्पतीला चिकटूनच यावं लागतं. शिवाय दशकानुदशकं आम्लाने मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलेलं असतं, ते खडक झिजून परत भरायला वेळ लागतो.

आपल्या बाजूच्या खाणी

भारतात आम्लधर्मी पाण्याचं ठळक उदाहरण मेघालयाच्या जयंतिया टेकड्यांचं. तिथल्या कोळशात गंधक जास्त. खाणीत हवा-पाणी लागलं की पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजापासून सल्फ्युरिक आम्ल बनतं. खाणींजवळच्या कित्येक ओढ्यांचा पीएच 4 च्या खाली गेला, मासे नाहीसे झाले, लुखा नदी हिवाळ्यात निळी दिसू लागली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2014 मध्ये तिथल्या उंदीरबिळासारख्या खाणींवर बंदी घातली.

विदर्भातला कोळसा तसा नाही. तरीही उमरेड, वणी, चंद्रपूर पट्ट्यातल्या उघड्या खाणींचा विचार करायला हवा. कोळसा काढून झाला की खड्ड्यात पाणी भरतं. ते खोल असतं, नितळ असतं, त्यात पोषकद्रव्यं कमी असतात. ते आम्लधर्मी होईल की नाही, हे त्या खड्ड्याच्या खडकात पायराइट किती आणि कार्बोनेट किती यावर ठरतं. जर्मनीच्या लुसाटिया भागात पायराइट वरचढ ठरलं आणि पीएच 3 च्या आसपासचे तलाव तयार झाले. त्यांच्या तळाशी मुख्यतः कायरोनोमिड अळ्या. आपल्याकडे प्रत्येक खड्डा वेगळा तपासावा लागेल, एकाचं उत्तर दुसऱ्याला लावता येणार नाही.

अशा पाण्यात मत्स्यबीज सोडायचा विचार असेल तर ढिवर बांधवांनी किंवा गावातल्या शाळेनेही आधी एवढं करावं. सुरक्षित, उताराच्या काठावरून अर्ध्या मिलिमीटर जाळीने तळ खरवडून पांढऱ्या ताटात पाहावं. जिवंत गोगलगाय मिळाली तर तिच्या शंखाचं टोक बघावं. ते झिजून पांढुरकं पडलं असेल तर कॅल्शियम कमी असू शकतं. गोगलगायी नाहीत, मेफ्लाय नाही, फक्त लाल अळ्या, पाणभुंगे आणि कोरिक्सिड असतील, तर पीएचच्या जोडीला पाण्याची अल्कता (म्हणजे आम्ल शमवायची ताकद), कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम प्रयोगशाळेतून मोजून घ्यावं. आणि हे उन्हाळ्यात एकदा करून थांबू नये. मातीच्या ढिगाऱ्यांवर उन्हाळाभर साठलेले आम्लयुक्त क्षार मृगाच्या पहिल्या सरींबरोबर खड्ड्यात उतरतात, तेव्हा त्या आठवड्यात एकदा आणि पोळ्याच्या सुमारास पुन्हा, त्याच जागी, त्याच जाळीने पाहावं.